डावा पंख काढा

चहा आधी हातात घ्या, कारण हे मला एका दमात सांगून टाकायचंय. मी एक दुर्मिळ विमान मोडलं. आणि का? तर मला मराठी येतं म्हणून!

इथे अमेरिकेत, हर्नडनपासून तासाभरावर एक हँगर आहे. तिथे आम्ही काही रिटायर्ड मंडळी एक फार जुनं विमान पुन्हा उभं करतोय. बाकीची विमानं डोक्यावर पंख आणि उघड्यावर पायलट घेऊन उडायची, तेव्हा याच्या कर्त्यांनी पंख खाली पोटाशी नेले आणि माणसांना बंद केबिनमध्ये बसवलं. मूळचा एकही कागद उरलेला नाही. म्हणून आमच्या पाटणकर काकांनी नऊ वर्षं त्याचा इंच न् इंच मोजला.

काका पंच्याऐंशीचे. हृदय थकलेलं. मुलगी त्यांना कायमचं टेक्ससला नेणार होती. जाण्याआधी विमान एकदा दोन्ही पंखांसकट उभं बघायचं, एवढीच त्यांची इच्छा. डावा पंख आम्ही गेल्याच आठवड्यात बसवला होता.

आणि काकांचा मेसेज आला: "रविवारी निघताना येतो. तोवर डावा पंख काढा. उजवा मी काढलाय. घाई नको, एकेक रिव्हेट नीट बघून."

मी तो इंग्रजीत सांगताच वर्कशॉपची प्रमुख मार्था चक्रावली. "आत्ताच तर बसवला! आर यू शुअर?"

"मार्था, माझी मातृभाषा आहे ती!"

"फोन करून विचार ना."

"हार्ट पेशंटला कशाला त्रास?"

शिवाय उजवा पंख काकांनी रिव्हेट तपासायला मागे एकदा उतरवून परत बसवला होता; स्वतःच्या इच्छेपेक्षा काम नीट होणं त्यांना मोठं. मग शंकेला जागा कुठे? चार दिवस, सहा माणसं, एक क्रेन. पंख जमिनीवर!

रविवारी मुलीने काकांची व्हीलचेअर आत आणली. काका बघतच राहिले.

"हे काय रे, सुधीर?"

"काढला, काका. तुम्ही म्हणालात तसा."

"अरे, कागदावर काढ म्हटलं होतं! पेन्सिलीने! ड्रॉइंग!"

कोणी हसलं नाही. काकांचे डोळे भरून आले. संध्याकाळची फ्लाइट, आणि पंख परत चढवायला तीन आठवडे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नऊ वर्षं वाट पाहिलेल्या माणसाचा एकुलता एक दिवस मी घालवला होता.

मग काका म्हणाले, "पेन्सिल आण. पडलाच आहे, तर पंखाच्या मुळाशी जोड कसा होता ते तरी दिसतंय."

ते मापं सांगत गेले, मी फरशीवर बसून रेघा ओढत गेलो. तीन तास. निघताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, पण विमानाकडे वळून पाहिलं नाही.

ते ड्रॉइंग आता हँगरच्या दारात फ्रेम करून लावलंय. कोपऱ्यात काकांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलंय: "डावा पंख. काढणारा: सुधीर."

येणारा प्रत्येक मराठी माणूस ते वाचून माझं कौतुक करतो. खूपदा वाटतं, ती ओळ खोडून काढावी. पण आता काहीही काढायचं म्हटलं की मी आधी काकांना फोन करून विचारतो!