राघो मापाऱ्याचं शेवटचं प्यादं

ठाण्याला आगगाडी येऊन तीसेक वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. कोपरीच्या मिठागरात राघो नावाचा मापारी होता. मीठ लाकडी मापानं भरायचं आणि एक झालं, दोन झाले, असं खणखणीत ओरडायचं, हे त्याचं काम. मृग लागला की मिठागर बंद. मग चार महिने राघोला काम नसायचं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते नकोच असायचं. ते चार महिने तो बुद्धिबळ खेळायचा.

खेळ त्याला बापानं शिकवला होता. अंगणातल्या चिखलात रेघा ओढायच्या आणि शिंपल्यांच्या सोंगट्या करायच्या. बापाचं एकच सांगणं असे, "समोरच्याचा राजा एकला पाडू नको. एक तरी प्यादं त्याच्यापाशी राहू दे." हा काही दयाधर्म नव्हता, आपल्याकडचा जुना नियमच तसा होता. समोरच्याचं सगळं सैन्य मारून राजा उघडा पाडला की डाव तिथंच मोडायचा. त्याला बुर्जी म्हणत, आणि बुर्जी म्हणजे बरोबरी. जिंकत आलेल्याच्या तोंडचा घास जायचा. म्हणून मुरलेला खेळाडू शत्रूचं शेवटचं प्यादं पोटच्या पोरासारखं सांभाळायचा, आणि हरणारा ते मरावं म्हणून धडपडायचा. हा उलटा तमाशा बघायला माणसं भिंतीला टेकून तास तास उभी राहायची.

दर श्रावणात ठाणे आणि कल्याण यांचा एक डाव व्हायचा. जिंकेल त्या गावाकडे वर्षभर पट राहायचा. पट जुना, जाड कापडाचा, एकरंगी, वर दोऱ्यानं घरं शिवलेली. सोबत लाल-हिरव्या सोंगट्यांची थैली. नऊ वर्षं सलग राघो जिंकला होता आणि नऊ वर्षं पट त्याच्या घरी होता. मिठागरावर ज्याला "ए मापाऱ्या" अशी हाक, त्याच्या पडवीत पावसाळाभर वैद्य, शाळामास्तर, कचेरीतले कारकून येऊन बसत आणि त्याला राघोबा म्हणत. पाणी मात्र घरून आणलेल्या तांब्यातलं पीत. माणसं अशीच असतात, पण बसत तर होती.

राघोला आणि त्याची बायको सगुणा हिला मूलबाळ नव्हतं. पट जपायचा सगुणानं. ऊन पडलं की ती तो वाळत घालायची. एकदा उंदरानं कोपरा कुरतडला, तर तिनं आपल्या लुगड्याच्या काठाचं ठिगळ त्याला लावलं. "ह्यो पट हाय म्हून आपलं घर भरल्यालं हाय," ती म्हणायची. राघो हसायचा, पण मनातून त्यालाही ते पटलेलं होतं. पट गेला तर पडवी ओस पडेल, ही एकच धास्ती त्याला दर श्रावणात असायची.

दहाव्या वर्षी कल्याणनं उत्तम नावाचा पोरसवदा तारमास्तर उभा केला. तो स्टेशनातल्या साहेब लोकांत बसून इंग्रजी पद्धतीचा खेळ शिकला होता. या खेपेला डाव इंग्रजी नियमांनी व्हावा, असा कल्याणकरांनी आग्रह धरला. प्यादं पहिल्या खेळीत दोन घरं जाईल, शेवटच्या घरात पोचलं की हवी ती सोंगटी होईल, आणि बुर्जी नाही. राघोनं सगळं ऐकून घेतलं आणि मान डोलावली.

"अवो, दुसऱ्याच्या नियमानं कशाला खेलता?" सगुणा म्हणाली.

"पट त्योच, राजा त्योच. नियमानं काय व्हतंय?"

नऊ वर्षांची जीत माणसाला असं बोलायला लावते.

कल्याणला देवळाच्या सभामंडपात नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी डाव मांडला. राघो सुरेख खेळला. दुपार कलली तेव्हा त्याच्याकडे राजा आणि हत्ती होते, आणि उत्तमकडे राजा आणि घोड्याच्या रांगेतलं एक प्यादं. ते प्यादं शेवटच्या घरापासून दोन घरांवर होतं आणि राघोच्या हत्तीच्या सरळ माऱ्यात होतं. मारलं असतं तर डाव संपल्यातच जमा होता. राघोचा हात हत्तीपर्यंत गेला, आणि तिथून मागं आला. तीस वर्षांची सवय ती. बुर्जी करायची नाही, एवढंच त्या हाताला ठाऊक. हत्ती त्यानं होता तिथंच ठेवला आणि आपला राजा पुढं घेतला.

प्यादं एक घर सरकलं. तरीही राघो शांत. घोड्याच्या घरात पोचलं तर जुन्या रिवाजानं फार तर घोडा होईल, घोड्याला कोण भितो? त्यानं राजा आणखी पुढं घेतला. उत्तमनं प्यादं शेवटच्या घरात ठेवलं आणि हळूच म्हणाला, "वजीर." वजीर उठला तोच शह देत. तेव्हा कुठे राघोच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मंडपात कुणीतरी फिदीफिदी हसलं. पुढं वजिरापुढं हत्तीचं काही चाललं नाही.

उत्तम पोरगा खानदानी. "काका, तुम्ही सवयीनं सोडलंत ते. पुन्हा मांडू," तो म्हणाला.

"नाय. कबूल करून बसलो व्हतो," राघो म्हणाला, आणि पटाची घडी स्वतःच्या हातानं घालून त्यानं ती कल्याणकरांना दिली.

घरी त्याचे रिकामे हात बघून सगुणानं पाट मांडला, ताट वाढलं. पुढच्या पावसाळ्यात वैद्य दोनदा आले, मास्तर एकदा, कारकून कुणीच नाही. माणसं वाईट नव्हती. त्यांना बसायला दुसरी पडवी सापडली इतकंच. तिसऱ्या वर्षी भाद्रपदात सगुणा तापानं गेली आणि राघो त्या घरात एकटा उरला. जेवायला दोन पाट मांडायचा आणि एक उचलून ठेवायचा.

ती बातमी कल्याणला पोचली. एका सुटीच्या दुपारी उत्तम गाडीनं ठाण्याला उतरला आणि विचारत विचारत कोपरीला आला. काखेत पट होता. राघोनं पट अंथरला. कोपऱ्यातल्या ठिगळावर त्याचं बोट गेलं आणि बराच वेळ तिथंच राहिलं. उत्तम दुसरीकडे बघत बसला.

डाव इंग्रजी पद्धतीनं सुरू झाला. राघोचं लक्ष कुठं होतं देव जाणे. त्याचं सैन्य संपत आलं. शेवटी त्याच्याकडे राजा आणि एक प्यादं उरलं. उत्तमचा हत्ती त्या प्याद्यावर गेला, घुटमळला आणि परत फिरला.

"मार की," राघो म्हणाला.

"राहू द्या, काका. तुमच्या राजाला सोबत असू दे."

राघो खालमानेनं हसला. "बाप माजा बी ह्येच सांगायचा. सगुणा गेली तवा मना वाटलं, झाली बुर्जी, मोडला डाव. पन रोज पहाटे उठतोच की मी. चूल पेटवतो, भात शिजवतो. तुज्या नियमात राजा एकला बी फिरतो, एकेक घर. तर फिरू दे त्याला. मार."

उत्तमनं प्यादं मारलं. एकटा राजा एकेक घर सरकत राहिला. त्याला कोपऱ्यात गाठून मात करायला उत्तमला सतरा खेळ्या लागल्या, आणि त्या सगळ्या राघो मन लावून खेळला.

मग सोंगट्या थैलीत भरता भरता त्यानं विचारलं, "पुढल्या सुटीला येशील?" उभ्या जन्मात त्यानं कुणाला ये म्हटलं नव्हतं. बोलावणं पटच करायचा.

"येईन. पण पट गावाचा आहे, काका. दर वेळी मला आणता येणार नाही."

"नको आनू," राघो म्हणाला. "अंगनात चिखल हाय, शिंपल्या हाईत."