दहापैकी किती?

कुणाच्या अंगात आलं की मला हसू यायचं. तोंडावर म्हणायचे, "बाई, आधी पाणी पी!" त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहितेच.

आम्ही भिवंडीत कामतघरला राहतो. भिंतीला लागून कापडाच्या लूमचा कारखाना, दिवसभर खडखडाट. आईचा कॅन्सर हाडांत पोचलेला. दर आठवड्याला पॅलिएटिव्ह केअरची सिस्टर घरी यायची. मला वाटलेलं, पॅलिएटिव्ह म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले. सिस्टर म्हणाली, "तसं नाही ताई. आजार बरा होणार नाही, पण मावशींचं दुखणं, झोप, जेवण सांभाळता येतं ना आपल्याला."

आल्या आल्या ती विचारायची, "मावशी, शून्य म्हणजे दुखतच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. आज किती?"

"दोन," आई म्हणायची. "बरी हाय मी."

खोटं! साफ खोटं! कूस बदलताना चादर दातांत धरायची ती. पण मॉर्फिनची गोळी म्हणजे शेवट, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. "ती मरनाऱ्याला देतात. मना नको." ही दुखणं कमी करायची गोळी आहे, मरण आणायची नाही, असं सिस्टरने कितीदा समजावलं. आई ऐकेल तर शपथ. माझा जीव नुसता तुटायचा.

त्या दुपारी लाइट गेली आणि लूम बंद पडले. आईचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. सिस्टरने नेहमीचं विचारलं. आई उत्तर देणार, तेवढ्यात —

"नव. नव हाय गो. आता न्हाय सोसत."

आवाज आईचा होता. पण तिचे ओठ हललेच नव्हते. हलले होते माझे.

देवाशप्पथ, मी बोलले नव्हते! जीभ माझीच, पण थांबवायला गेले तर थांबेना. सिस्टर पेन धरून तशीच बसलेली. आणि आई माझ्याकडे अशी बघत होती... पोटच्या पोरीकडे कुणी तसं बघत नाही.

"मी मनात बोललेली," ती पुटपुटली. "तुला कसा समजला?"

त्याच दिवशी तिने गोळी घेतली. मला घाबरून घेतली, हेही खरं. पण दुखणं उतरलं. जेवायला मागू लागली, शेजारणीशी भांडलीसुद्धा! मात्र सिस्टर आली की आधी माझ्या तोंडाकडे बघायची आणि पटकन खरा आकडा सांगून टाकायची. मीही ओठ घट्ट मिटून बसायचे. परत आला तो आवाज तर?

पुढे आईचं बोलणंच थांबलं. सिस्टर म्हणाली, "आता कपाळाच्या आठ्या आणि कण्हणं बघून औषध द्यायचं." मला धीर निघेना. ज्या आवाजाला एवढी भ्यायले, त्यालाच मनातून हाका मारायला लागले... ये ना बाई, सांग, किती दुखतंय तिला? तोंड उघडं ठेवून बसले होते अक्षरशः.

काहीच आलं नाही. औषधानंतर आठ्या सुटल्या. दुसऱ्या दिवशी आई गेली.

डॉक्टर म्हणतात, ताणामुळे होतं असं. असेल. पण आवाज तिचा कसा, हे त्यांनाही सांगता येत नाही आणि मलाही. मला विचारायचंय ते वेगळंच... दुखत नव्हतं, म्हणूनच शेवटी ती माझ्या तोंडून बोलली नाही ना?