अभ्यास बिघडवणाऱ्या बाई

राज्यशास्त्र आणि सार्वजनिक धोरण विभागात बाई टायपिस्ट म्हणून लागल्या, तेव्हा तिथल्या प्राध्यापकांपुढे त्या मान वर करून बोलत नसत. तेवीस वर्षं त्यांचे लेख टाइप केल्यावर तो आदर पार झिजला. सध्याचे विभागप्रमुख जनसहभाग या विषयातले तज्ज्ञ होते. जनतेशी त्यांचा संबंध गाडीची काच खाली करण्यापुरता.

त्या वर्षी वाहतूक खात्याने विभागासमोरचा बसथांबा उचलून सहापदरी रस्त्यापलीकडे नेला. पहिल्या वर्षाच्या एका मुलीला रस्ता ओलांडताना दुचाकीने उडवलं. पाय मोडला. प्रमुखांनी लगोलग समिती नेमली. ‘थांबा म्हणजे नेमकं काय’ यावर समितीच्या तीन बैठका झाल्या. मग बेचाळीस प्रश्नांची प्रश्नावली निघाली. सतरावा प्रश्न होता : ‘रस्ता ओलांडताना आपल्याला राज्यसंस्थेचं अस्तित्व कितपत जाणवतं?’ बाईंनी तो टाइप केला आणि ओठांवर आलेली शिवी गिळली.

“सर, वाहतूक कार्यालयात कुणी जाऊन आलंय का?”

“बाई, आपण अभ्यासक. आपण हस्तक्षेप केला की अभ्यास बिघडतो.”

“त्या पोरीचा पाय बिघडलाय, सर.”

“तुम्ही भावनेच्या भरात बोलताय,” असं म्हणून प्रमुखांनी चष्मा पुसायला घेतला.

दुसऱ्या दिवशी बाई अर्धी रजा टाकून थेट वाहतूक कार्यालयात गेल्या. चार जणांनी टोलवल्यावर एका कारकुनाने फाइल काढली. “पाइपलाइनच्या खोदकामासाठी हलवला होता थांबा. काम संपून दोन महिने झाले.”

“मग परत का नाही आणला?”

“कुणी मागितलाच नाही! अर्ज द्या की.” बाई तिथेच उभ्या उभ्या अर्ज लिहू लागल्या, तेव्हा तो हसून म्हणाला, “सरकार कसं चालतं ते तुमच्याच इमारतीत शिकवतात ना?”

बाईंचे कान तापले. राग त्याचा नव्हता. आपण एवढी वर्षं कुणाच्या पोपटपंचीचं शुद्धलेखन सुधारून देत आलो, याची त्यांना चीड आली.

नवव्या दिवशी थांबा मूळ जागी आला. मुलं खूश, समितीच्या तोंडचं पाणी पळालं. “निम्मी प्रश्नावली भरायची राहिलीय!” प्रमुख बाईंवरच डाफरले. पण ते काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. दोन महिन्यांत त्यांचा ‘नागरी दबाव आणि धोरणबदल’ हा लेख तयार झाला. त्यात बाईंचा उल्लेख ‘एक स्थानिक घटक’ असा होता. तोही बाईंनीच टाइप केला. परिषदेत टाळ्या पडल्या म्हणे.

एका सकाळी ती मुलगी कुबडी टेकत कचेरीत आली.

“मॅडम, हे राज्यशास्त्र सोडून देऊ का?”

“सोडू नकोस गं. यांनाच सगळं आंदण द्यायचं का?” बाई म्हणाल्या. “रस्त्यावर पांढरे पट्टे अजून नाहीत. जा, अर्ज दे. आणि पोच घेतल्याशिवाय हलू नकोस.”

पोरगी गेली आणि दुपारी पोच घेऊनच आली. पण तेवढ्यात तिचा एक तास बुडाला होता, जनसहभागाचाच. प्रमुख तणतणत कचेरीत शिरले. “बाई, तिला गैरहजेरीची नोटीस काढा.”

“तुमची तुम्ही काढा,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी जेवणाचा डबा उघडला.