फरशीजवळचा श्वास

भाचीला आणायला बालवाडीत गेलो, तर झुरळांचं औषध फवारायला आलेल्या काकांना बाईंनी दारातच अडवलं होतं.

"बाई, वास तासाभरात जातो."

"तुमच्या नाकाला येत नाही एवढंच. मुलं इथे लोळतात, फरशी चाटतात. जरा आडवे होऊन बघा की!"

काका हसत आडवे झाले. लहानांच्या नावाने आपण एवढे ठराव करतो, पण सगळे उभ्यानेच. त्यांच्या उंचीवर उतरायचं कुणाला सुचतच नाही.

तेवढ्यात भाची आली आणि काकांना झोप यावी म्हणून हलकेच थोपटू लागली. ते बराच वेळ उठले नाहीत. उठल्यावर पंप बाहेर ठेवून म्हणाले, "झुरळं या भेगांतून येतात. पांढरं सिमेंट आहे का, बाई? आधी त्याच बुजवू."