वसंतरावांची शीळ

हसणार नाही असं आधी कबूल करा, तरच सांगतो. चहा घ्या, खारी बुडवा, पण हसू नका. कारण त्या आठवड्यात आमच्या पेणच्या रामवाडीत कुणीच हसत नव्हतं. मी तर नाहीच नाही!

मी फिटर. सगळं आयुष्य पंप आणि कंप्रेसर दुरुस्त करण्यात गेलं. पेणपासून रोह्यापर्यंत माझी ख्याती एकाच गोष्टीची, ती म्हणजे माझा कान. मशीनला कान लावायचा आणि सांगायचं, "मागचं बेअरिंग गेलंय." खोलून बघितलं की मागचंच! लोक म्हणायचे, दात दाखवायचे डॉक्टरला आणि मशीन ऐकवायचं ह्यांना.

आता हाच कान साठी उलटल्यावर जरा… कसं सांगू… मंदावला होता. जाड आवाज यायचे, बारीक यायचे नाहीत. पण हे गावभर सांगायचं? पैलवानानं कधी चावडीवर सांगितलंय का, की आता दंडात जोर राहिला नाही म्हणून?

रोह्याचे वसंतराव माझे जुने दोस्त. बोटीवर इंजिनियर होते. त्यांच्याकडे एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार होती. लालभडक, दोनच सीटा, वर कापडी टप, आणि जमिनीला इतकी चिकटलेली की आत बसायचं म्हणजे पंगतीत पाटावर बसल्यासारखं. दर रविवारी वसंतराव तिचं बॉनेट उघडायचे आणि आत डोकं घालून शीळ घालत बसायचे. ती शीळ अख्ख्या आळीला पाठ होती.

गेल्या वर्षी वसंतराव गेले. रविवारी सकाळी, त्याच गाडीत बसल्या बसल्या. वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा इंजिन चालू होतं, म्हणतात. एका लयीत.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसा सुमनवहिनींचा, म्हणजे वसंतरावांच्या बायकोचा, मला फोन आला. "भाऊजी, लेक येतेय परदेशातून. तिला बाबांच्या गाडीतून एकदा फिरायचंय. पण हे गेल्यापासून गाडी धड चालत नाही. तुमच्या कानाखालून घालता का एकदा?"

माझ्या कानाखालून! नाही कसं म्हणणार?

टेम्पोत घालून गाडी पेणला आली. आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे, तिथे लावली. त्या शेडचा अर्धा भाग मी शेजारच्या मूर्तिकाराला वापरायला दिलाय. गणपतींच्या पांढऱ्या मूर्ती ओळीनं उभ्या होत्या. रंग नाही, डोळ्यांची आखणी नाही. कोरे डोळे, आणि सगळे माझ्याकडे रोखलेले. एरवी मला त्याचं काही वाटत नसे. त्या आठवड्यात वाटायला लागलं.

गाडी सुरू केली. सुरू झाली हो लगेच! पण मग इंजिन आपोआप चढायला लागलं. घूंऽऽ करत वर जायचं, खाली यायचं, परत वर. रिकाम्या सीटवर बसून कुणीतरी पाय हळूच दाबतंय आणि सोडतंय, हुबेहूब तसं. मी वाकून पेडलकडे बघितलंसुद्धा. पेडल जागच्या जागी.

घाबरायचं कारण नव्हतं. ह्याला आम्ही म्हणतो, इंजिन एअर घेतंय. इंजिन हवा आत ओढतं, ती ठरल्या वाटेनं यायला हवी. कुठे पॅकिंग सुटलं, एखाद्या रबरी नळीला चीर गेली, की तिथून हवा चोरपावलानं आत शिरते आणि इंजिन बिथरतं. ती चीर बारीक फुसफुसते. मीटरभर रबरी नळी घ्यायची, एक टोक आपल्या कानाला, दुसरं इंजिनावर फिरवत जायचं. फुसफुस मोठी झाली की तिथे चोर! माझ्यासाठी पाच मिनिटांचं काम.

पाच मिनिटांचे आठ-दहा दिवस झाले, चोर काही सापडेना. मी कार्बोरेटरचे बोल्ट आवळले, पॅकिंग बदलली. इंजिन आपलं श्वास घेतल्यासारखं वरखाली, वरखाली.

अशातच एका दुपारी बाराच्या ठोक्याला जनाबाई आली. ही खाडीपलीकडची, आमच्याकडे नेहमी मासळी घेऊन येते. मी बॉनेटखाली वाकलेलो, कानाला नळी. ती पाटी डोक्यावर तशीच धरून दारात थांबली.

"दादा, शीळ कोन घालतंय?"

"शीळ?"

"ही काय, बारीक! तुमाला आयकू येत नाय?"

आता माझ्यासारख्या नावाजलेल्या कानानं काय म्हणावं? मी म्हणालो, "येतंय ना! तिलाच तर शोधतोय!"

आणि मनात हुश्श केलं. चला, गळतीचा आवाज निदान कुणाला तरी येतोय. इंजिन बंद केलं आणि परत वाकून विचारलं, "आता थांबली ना?"

"नाय. वाजतेय."

इंजिन बंद, मग हवा कशी ओढेल? मी ताठ उभा राहिलो.

"आता गप झाली," जनाबाई म्हणाली.

मी परत वाकलो.

"आली! दादा, तुमी वाकलाव का शीळ घालतंय. उठलाव का गप." तिनं पाटी खाली ठेवली, उचलली, परत ठेवली. "ही गाडी कोनाची हाय म्हनलाव?"

मी सांगितलं. मालक कुठे गेले, कसे गेले, तेही सांगून बसलो. तुम्हीच सांगा, काय गरज होती? जनाबाईनं त्या दिवशी भावसुद्धा केला नाही. पाटीतल्या निवट्या, खाडीतली ती बारकी मासळी, आमच्या ओट्यावर ओतल्या आणि मागे न बघता निघून गेली.

आमची मंडळी हे ऐकून शेडमध्ये आली. तिनं ऐकलं, आणि पदर तोंडाला लावला. "अगंबाई! वसंतराव असेच घालायचे हो! तुम्हाला येतेय ना ऐकू?"

"येतेय तर!"

"कुठून येतेय?"

मी ठोकून दिलं, "डाव्या कार्बोरेटरमधून."

खरं सांगू? मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. आणि तिथेच माझी पाचावर धारण बसली. भुताचा आवाज आला तर माणूस घाबरतो, पण तो घरादाराला येतोय आणि ज्याच्यासाठी शीळ घातली जातेय त्यालाच येत नाही, ह्याचा अर्थ काय लावायचा? आमच्याकडे म्हातारी माणसं सांगायची, ज्याचं बोलावणं असतं त्याला हाक ऐकू येत नाही, इतरांना येते. म्हणजे?

मी बॅटरीची वायर काढली. शीळ चालू. पेट्रोल काढलं. शीळ चालूच. बायकोनं गाडीवरून मीठ-मिरच्या उतरल्या, त्याही वाया गेल्या. मी वाकलो की शीळ.

दुसऱ्या दिवशी, एरवी दुपारी कधी झोपत नाही, पण जेवून जरा आडवा झालो. उशीवर डोकं टेकवलं आणि बायको ताडकन उठून बसली.

"अहो… घरात आलेत."

"कोण?"

"तुमच्या उशीतून येतेय."

मी उठलो. ती म्हणाली, थांबली. पडलो. ती म्हणाली, आली! मग बाईसाहेबांनी आपली चटई उचलली आणि देवघरासमोर जाऊन पडल्या. मी एकटा, उशीकडे बघत बसलेला. भर दुपारी पंख्याखाली काटा आला अंगावर.

तेवढ्यात सुमनवहिनींचा फोन. गाडी कुठवर आली, ते विचारायला. मी फोन कानाला लावला, "बोला वहिनी" म्हणालो.

मग वहिनींचा आवाज आला, हळू. "भाऊजी, तुमच्यामागे शीळ कोण घालतंय?"

रोह्यात! रोह्यात ऐकू गेली! माझा सगळा धीर सुटला आणि जे बोलू नये ते बोलून गेलो.

"वहिनी, वसंतराव आहेत. गाडीत होते. आता घरात आलेत."

वर्ष व्हायचंय अजून त्या बाईच्या दुःखाला, आणि तिला मी हे सांगतो! माझी जीभ झडली कशी नाही?

वहिनी एवढंच म्हणाल्या, "उद्या सकाळच्या गाडीनं येते."

आल्या. कासू स्टेशन सोडल्यावर फोन केला त्यांनी, मी स्टेशनवर घ्यायला गेलो. ठेवणीतली साडी नेसल्या होत्या. रिक्षातून उतरल्या. शेडमध्ये शिरल्या, त्या बिनडोळ्यांच्या मूर्तींना नमस्कार केला आणि गाडीचं दार उघडून डाव्या सीटवर बसल्या, आपल्या नेहमीच्या जागी. मग शेजारच्या रिकाम्या सीटकडे वळून म्हणाल्या,

"अहो, कपाटाची किल्ली कुठे ठेवलीत?"

माझी बायको हुंदका देणार होती, तो तिनं गिळला.

"वर्ष झालं शोधतेय," वहिनी त्या सीटला सांगत होत्या. "कुणाला सांगून ठेवायची पद्धत नाही तुमची. देवघरात आहे का?"

मी काळजीनं बॉनेटखाली वाकलो.

"वाजली!" बायको कुजबुजली.

"देवघर मी तीनदा पाहिलं," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "माळ्यावर?"

मी घाम पुसायला ताठ झालो. शांत.

"ट्रंकेत?"

मी वाकलो. वाजली.

वहिनींनी गाडीच्या काचेतून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही जरा अंगणात जाऊन उभे राहा बघू."

मी गेलो. आतून त्यांचा आवाज येत होता, देवघर, ट्रंक, माळा, फडताळ. मग त्या बाहेर आल्या, मागोमाग माझी बायको. वहिनी थेट माझ्यापाशी आल्या आणि माझ्या कानाजवळ आपला तळवा धरला.

"वाजली," बायको म्हणाली.

तळवा काढला. थांबली.

"हे नव्हेत," वहिनी म्हणाल्या. "ह्यांच्या शिळेला सूर होता. ही अगदीच सपाट आहे. कानात काय आहे भाऊजी?"

आता जे तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं आणि मला तिथे कबूल करावं लागलं, ते तुम्हाला सांगतो. गाडी आली त्याच आठवड्यात, पहिल्या दोन दिवसांत गळती ऐकू येईना म्हणून, मी गुपचूप पनवेलला गेलो होतो आणि कानाचं यंत्र घेऊन आलो होतो. अगदी छोटं, कानाच्या आत बसतं, बाहेरून कुणाला दिसत नाही. म्हणून तर तेच घेतलं! बायकोलासुद्धा पत्ता लागू दिला नव्हता, रात्री दिवा मालवल्यावर गुपचूप काढून ठेवायचो. बोलणं झकास ऐकू यायला लागलं होतं, फक्त ते बारीक आवाज काही येत नव्हते.

आणि ह्या यंत्राचा स्वभाव असा, की कानाजवळ काही आलं, नळी म्हणा, बॉनेट म्हणा, उशी म्हणा, फोन म्हणा, की ते शीळ घालतं. बारीक. म्हणजे नेमकी ती मला सोडून सगळ्यांना ऐकू जाणार!

वहिनींनी आपले केस बाजूला सारले. त्यांच्या कानामागे तसंच यंत्र, चांगलं मोठं, सगळ्यांना दिसेल असं. "माझंही वाजतं," त्या म्हणाल्या. "नीट बसवून घ्यायचं असतं हो. आणि सांगायचं असतं माणसांना."

मला वाटलं, धरणीमाते, इथे अंगणातच पोटात घे. "वहिनी, मी तुम्हाला एवढ्या लांबून…"

"असू दे. नागोठणं येईपर्यंत मनातल्या मनात ह्यांच्याशी भांडत होते. वर्षभराचं तुंबलेलं होतं." त्यांनी डोळे टिपले, पदर खोचला. "चालू करा गाडी."

बॅटरी जोडली, पेट्रोल घातलं, चालू केली. इंजिन चढलं, उतरलं. वहिनी बॉनेटपाशी नुसत्या उभ्या राहिल्या, मान कलती करून. "इथे काहीतरी फुसफुसतंय," म्हणाल्या आणि ब्रेककडे जाणाऱ्या जाड रबरी नळीला खालून बोट लावलं. तिथे चीर होती. बोट बसलं मात्र, इंजिन एका लयीत चालायला लागलं.

पेण ते रोहा, प्रसिद्ध कान! आणि चोर पकडला तो रोह्याहून आलेल्या एका बाईनं, एका बोटानं.

मला वाटलं, झाली तेवढी शोभा पुरे झाली. पण आमची मंडळी बाजूलाच उभी होती. ती बोटांवर दिवस मोजत होती.

"म्हणजे," ती म्हणाली, "गेले दहा दिवस तुम्हाला सगळं ऐकू येत होतं?"

मी रबरी नळी गुंडाळायला घेतली.

"मी स्वयंपाकघरातून ओरडतेय, गॅस संपला, पाणी भरा, चक्कीवरून दळण आणा. ते सगळं ऐकू येत होतं? आणि तरी जागचे हलला नाहीत?"

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. ओळीनं उभे सगळे गणपतीसुद्धा बघत होते. इंजिन तर असं गुळगुळीत चालत होतं, की आवाजाचं निमित्तही राहिलं नव्हतं.

मी यंत्र कानातून काढलं, खिशात टाकलं, कानामागे हात धरला आणि बायकोला विचारलं,

"काय म्हणालीस?"