पुसलेल्या तीन ओळी

"ही द्राक्षं कुणी पुसली?" मेहतांनी घड उजेडात धरला आणि माझ्याकडे बघितलं.

घड आरशासारखा चकाकत होता.

मी कवठे महांकाळच्या एका शेतकरी कंपनीत मार्केटिंग बघते. म्हणजे सभासदांचा माल व्यापाऱ्याला मध्ये न घेता थेट बायरला विकून द्यायचा. मेहता पुण्याच्या एका एक्स्पोर्ट फर्मचे बायर. आमचा हा पहिलाच सौदा, आणि पहिली बाग रिटायर्ड सुभेदार पाटलांची. ती नापास झाली असती तर बाकीचे सभासद बांधावर येऊन भाव सांगणाऱ्या जुन्या व्यापाऱ्याकडे परत गेले असते. सुभेदारांनी तर त्याला आधीच नाही म्हणून टाकलं होतं.

द्राक्षाच्या मण्यावर एक पांढरट थर असतो. लोकांना वाटतं औषध आहे. तो झाडाचाच असतो, आम्ही त्याला ब्लूम म्हणतो. तो मण्यातलं पाणी धरून ठेवतो. तो गेला की माल लवकर सुकतो आणि कंटेनरमधला काही आठवड्यांचा प्रवास त्याला झेपत नाही.

"काका, कुणी पुसलं हे?"

"आमीच," सुभेदार छाती काढून म्हणाले. "तुमी म्हणालासा, इन्स्पेक्शन हाय. मग चकाकी नको व्हय? मऊ फडक्यानं येकेक घड पुसलाय."

सारी हयात पलटणीत काढलेल्या माणसाला मी फोनवर एवढंच सांगितलं होतं, परवा सकाळी दहाला इन्स्पेक्शन. बायर काय बघतो, ते सांगायचं राहूनच गेलं.

मागून शालनकाकू, त्यांच्या मंडळी, पुटपुटल्या, "मी म्हणत हुते, नगा हात लावू मालाला. ऐकतंय कोण?"

मी ब्लूमचं समजावून सांगितलं. सुभेदारांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. मेहतांनी घड सोडला. "सॉरी, हा माल मला चालणार नाही."

"साहेब, समदा न्हाई पुसला. तीनच वळी. मी, ही आन् सूनबाई, येकेक वळ. दिस मावळला तवा थांबलो."

"कुठल्या तीन, ते मला कसं कळणार?"

"चुना लावलाय की. वळ झाली की खांबाला रेघ. कुणाचं काम उरकलं, कुणाचं ऱ्हायलं, कळाया नको?"

खरंच, तीन खांबांवर चुन्याच्या सरळ रेघा होत्या. मेहता वेलींच्या मांडवात शिरले. बिनरेघेच्या एकेका ओळीतून वाकून गेले, घड उलटेपालटे करून बघितले, साखर तपासली. प्रत्येक मण्यावर थर जसाच्या तसा होता. मी त्यांच्या मागोमाग.

"रेघेच्या ओळी सोडून बाकी सगळं घेतो," बाहेर येऊन ते म्हणाले. "असा काटेकोर माणूस आमच्या पॅक हाऊसला पाहिजे."

"पगार काय देता?" शालनकाकूंनी लगेच विचारलं. मग सगळेच हसलो.

त्या तीन ओळी काकूंनी बाजारात बसून विकल्या. तिथल्या गिऱ्हाइकाला चकाकीच आवडते. दुपारच्या आत पाट्या रिकाम्या झाल्या.

ट्रक भरला त्या दिवशी मी सुभेदारांना म्हणाले, "काका, चूक माझी होती."

"व्हय, तुमचीच," ते म्हणाले आणि चहा सांगायला आत गेले.

आता मी सभासदांना बायर काय बघणार, ते आधी सांगते. तारीख आणि वेळ त्यानंतर.