नेटवर्क गेलं

जयनगरला आमच्या गच्चीवरच्या खोलीत एक संशोधक भाड्याने राहतात. वायफाय आमचंच वापरतात. यादवीने विस्कटलेल्या देशांतले पुरुष मर्दपणा कसा मिरवतात, हा त्यांचा विषय. एरवी "अक्का, स्वल्प साखर मिळेल?" असं कानडी वळणाने मऊ विचारणारा हा माणूस इंटरनेटवरून मुलाखत घेताना फौजदारासारखा आवाज काढतो. "हा तुमचा मर्दपणा का?" असं मी हटकलं, तर म्हणाले, "छे हो! संशोधकाने स्वतःला मध्ये आणायचंच नसतं."

परवा मी गच्चीत सांडगे घालत होते. खिडकीतून त्यांचा प्रश्न ऐकू आला, "शेवटचं कधी रडलात?"

स्पीकरवरून उत्तर आलं, "आधी तुम्ही सांगा."

संशोधकांची खुर्ची करकरली. मग, "हॅलो? हॅलो? नेटवर्क गेलं वाटतं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्याच वायफायवर माझ्या मोबाइलवर चाललेलं भजन मात्र एकदाही अडकलं नव्हतं.